इस्त्रीनंतर फ्रिज उघडू नये

७ जून

थंडी मला नवीन नाही, हे आधी लिहून ठेवते. आमचं माराकाइबो तव्यासारखं तापतं, म्हणूनच तिथल्या बँकेत नि दवाखान्यात एसी असा सोडतात की बसल्या जागी दात वाजावेत. बँकेत जाताना मी नेहमी पिशवीत स्वेटर टाकते. निघताना बहिणीनं, आउरानं, विचारलं, "डिलिया, झेपेल का गं तुला तिकडचा गारठा?" मी म्हटलं, "बँकेत अर्धा अर्धा दिवस काढलाय मी. मला काय होतंय!"

इकडे जगाच्या दक्षिण टोकाला जून म्हणजे भर हिवाळा. पुंता अरेनासच्या विमानतळाचं दार उघडलं आणि वाऱ्यानं माझं बोलणं घशातच परत ढकललं. सात वर्षांनी लेकाला बघत होते. काय काय बोलायचं ते विमानात घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "नेरिओ, आधी ते दार लाव!" विमानतळाचं दार! तो इतका हसला की त्याला खांब धरून उभं राहावं लागलं.

मग मिठी मारली. माझ्या अंगावर होते नव्हते तेवढे कपडे. त्याच्या अंगावर जाड कोट, आत स्वेटर, त्याच्या आत आणखी एक. दोन गाद्या एकमेकींना भेटल्या म्हणायचं. माझा मुलगा काही हाताला लागला नाही.

सूनबाई यास्ना आज पहिल्यांदा समोरासमोर दिसली. इथलीच मुलगी. डोक्याला काही नाही, कोटाची बटणं उघडी. गाडी तिनंच चालवली आणि माझा मुलगा शेजारी डोळे मिटून बसला. आमच्याकडे हे चालत नाही, पण मी गप्प बसले. पहिलाच दिवस होता.

आउरानं बजावलंय, रोजचं लिहून ठेव, आल्यावर वाचून दाखव. महिन्याभराचाच प्रश्न आहे. सहा जुलैचं परतीचं विमान. बर्फ बघायचा, पोराला हातचं खाऊ घालायचं आणि आपलं घर गाठायचं.

९ जून

इथला सूर्य सरकारी नोकर आहे. दहाला उगवतो, दुपारचं जेवण होतं न होतं तोच घरी जायच्या तयारीला लागतो.

घरात गॅसची शेगडी दिवसभर चालू असते. यास्ना अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरते आणि मी दोन कानटोप्या घालून. "आई, तुम्हाला घाम येईल," म्हणते. मी म्हटलं, "येऊ दे गं. त्याची आठवण येतेय मला." नेरिओ मात्र शेगडीला चिकटून, लोकरीचे मोजे घालून बसतो. घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

आजची मोठी बातमी वेगळीच आहे. फ्रिजशेजारी खिळ्याला लोकरीचे हातमोजे टांगलेले असतात. नेरिओनं दूध काढायचं म्हणून ते हातमोजे घातले, फ्रिज उघडला, दूध काढलं, फ्रिज लावला आणि हातमोजे परत टांगले. मी बघतच राहिले.

माझा सगळा जन्म लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेला. तापलेल्या हातांनी फ्रिज उघडला की पास्मो होतो. बोटं आखडतात, तोंड वाकडं होतं, माणूस जातोसुद्धा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणून इस्त्रीच्या दिवशी फ्रिज उघडायचं काम नेरिओकडे. "नेरिओ, पाणी!" अशी हाक मारली की धावत यायचा, मला पेला द्यायचा आणि बर्फाचा खडा स्वतःच्या तोंडात टाकून पळायचा. मोठा झाल्यावर शिंगं फुटली. "आई, पास्मोबिस्मो काही नसतं. सगळ्या म्हाताऱ्यांच्या भाकडकथा."

"काय रे," मी आज विचारलं, "पटलं ना शेवटी?"

त्यानं आधी यास्नाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पटलं, आई. तुझंच खरं होतं."

हे वाक्य ऐकायला मी चालत आले असते. यास्ना मात्र भांडी अर्धवट टाकून आत निघून गेली. सासूचं खरं ठरलेलं कुठल्याच देशात सुनेला सोसत नाही.

१३ जून

कानाला खडा. यास्ना सांगत होती, कपडे आत वाळत घाला. मी म्हटलं, उन्हात घातलेल्या कपड्यांची सर आतल्या कपड्यांना नाही, आणि परसातल्या दोरीवर घालून आले. संध्याकाळी आणायला गेले तर सगळ्यांच्या फळ्या झालेल्या. नेरिओची पँट मी काखेत मारून आणली आणि स्वयंपाकघरात ठेवली, तर ती आपली आपण उभी राहिली! आत माणूस नाही, आणि पँट उभी. मी घाबरून देवीचं नाव घेतलं. नेरिओ हसून हसून बेजार झाला. खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतोच आहे. "आई, तिला बसायला खुर्ची दे!"

पँट मऊ पडल्यावर इस्त्रीला घेतली. कंबरेची शिवण बघून कपाळाला हात लावला. चार बोटं आत घेतलीय, तीही असल्या टाक्यांनी की आमच्याकडे पोत्याला बरे घालतात. यास्नाला शिवण येत नाही हे कळलं. पण चार बोटं? बायकोच्या हातचं खाऊन माणूस असा होतो. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१८ जून

नेरिओ जहाजांच्या गोदीत वेल्डर आहे. दर पंधरवड्याला दोन दिवस तिकडेच मुक्काम असतो म्हणे. काल रात्री परत आला तो राखेच्या रंगाचा होऊन. गळ्याखाली, हाडाजवळ, पट्टी.

"हे काय लागलं?"

"ठिणगी उडाली गं."

"आणि तुझा तो जाड डगला कुठे गेला होता?"

"आई, तू मुकादम झालीस तर गोदी सुधारेल."

आज त्याच्या आवडीच्या मांदोका केल्या. पिकलेलं केळं, मक्याचं पीठ, चीज आणि गूळ, गोल वळून तळलेल्या. घरी असताना थाळीभर खायचा. आज अर्धी खाल्ली आणि उरलेली हळूच यास्नाच्या ताटात सरकवली. मी बघितलं ते त्याला कळलं नाही. हल्ली लाकडी चमच्यानं जेवतो. स्टीलचा चमचा हाताला गार लागतो म्हणे. आणि पाणी कोमट! बर्फाशिवाय पाण्याला तोंड न लावणारं माझं पोर!

मी त्याला म्हटलं, "पास्मो पाळायचा म्हणजे इतकाही नाही रे पाळायचा. अति तिथे माती."

तो म्हणाला, "नवा भक्त आहे ना मी."

२२ जून

कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जाते म्हटलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. जाताना वारा पाठीशी होता, म्हणून मला न विचारता त्यानंच मला दुकानात पोचवलं. येताना मात्र एक पाऊल पुढे, दोन मागे. शेवटी एका विजेच्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. पलीकडून एक म्हातारी बाई पिशव्या सांभाळत रमतगमत आली. "खांब तुमच्या ओळखीचा आहे का?" म्हणाली.

त्या शेजारच्या एर्सिराबाई. मला दंडाला धरून त्यांच्या घरी नेलं, कढत माते पाजलं, म्हणजे इकडचा पाल्याचा कडू चहा. एकच तुंबा, एकच नळी, आळीपाळीनं ओढायचं. जीव परत आला. चेहरा मात्र तासभर माझा नव्हता. घरी येऊन नेरिओला "मी आले" म्हटलं ते "मी मेले" असं ऐकू गेलं म्हणतो. दिवसभर माझी नक्कल करत होता. यास्नाही हसली. ही मुलगी हसली की बरी दिसते.

२६ जून

बर्फाचा पत्ता नाही. नुसता वारा आणि रस्त्यावर काचेसारखा गोठलेला थर. मी कुरकुर केली तर नेरिओ म्हणाला, "मग थांब ना. बर्फ पडेपर्यंत थांब. परतीचं पुढे ढकलू."

"आणि माझं घर? आउरा किती दिवस झाडांना पाणी घालणार? आणि एवढी थंडी मी काय हौसेनं सोसतेय?"

"आई." त्यानं माझा हात धरला. त्याच्या हातात घरातसुद्धा हातमोजे होते. "थांब."

लहानपणापासून हे पोर काही मागणारं नाही. मी म्हटलं, बघते. आता लिहिताना वाटतं, मागतोय कशासाठी? बर्फ बघायचाय तो मला, त्याला नाही.

३० जून

एर्सिराबाईंकडे माते प्यायला गेले होते. तुंबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "नेरिओची पुढची सुई कधी आहे?"

मला वाटलं शिवणाच्या सुईचं काही विचारतात.

"माझ्या भावाचंही असंच होतं हो. ते औषध शिरेतून गेलं की कितीतरी दिवस गार म्हणून काही सोसायचं नाही. गार वस्तू हाताला लागली की काटे टोचायचे. पाण्याचा घोट घेतला तर गळा आवळायचा. हातमोजे घातल्याशिवाय फ्रिज उघडता यायचा नाही बिचाऱ्याला."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली. "डिलियाबाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "हो. माहीत होतं."

माते संपवलं. नळी पुसून तुंबा परत दिला. घरी आले.

१ जुलै

तुझंच खरं, म्हणाला होता.

२ जुलै

नेरिओ झोपला होता. यास्ना बटाटे सोलत होती. मी दुसरी सुरी घेऊन समोर बसले आणि विचारलं, "कुठे झालंय?"

तिनं मान वर केली नाही. "आतड्यात. मार्चमध्ये कळलं. आता यकृतात गेलंय."

"औषध लागू पडतंय का?"

"मागच्या तपासणीत वाढलेलं निघालं, आई. आता चाललंय ते थोडे दिवस मिळावेत म्हणून. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय."

मग सगळं बाहेर आलं. गोदी त्यानं एप्रिलमध्येच सोडली होती. गळ्याखालची ती पट्टी औषधाच्या नळीची. मला बोलवायचं त्यानंच ठरवलं, आणि कळू द्यायचं नाही हेही त्यानंच.

"मी म्हटलं त्याला, आईपासून असं लपवू नये. तर म्हणाला, मला रडणारी आई नकोय. थंडीला शिव्या देणारी आई हवीय." यास्नाचे हात थांबले. "तुम्ही आलात त्या दिवशी विमानतळावर तो हसला ना, तसा मार्चपासून हसला नव्हता. म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही काहीही बोललात तरी."

मी तिच्या स्वयंपाकाला बोलले होते. तिच्या टाक्यांना पोतं म्हटलं होतं. आपला नवरा दर महिन्याला थोडा थोडा कमी होतोय, आणि त्याला पँट सैल झालेली कळू नये म्हणून ही रात्री बसून कंबर आत घेत होती. मला माझी लाज वाटली. मी उठून तिला जवळ घेतलं. दोघींच्या हातांना बटाट्याची माती होती.

संध्याकाळी आम्ही दोघींनी त्याच्या सगळ्या पँटी उसवून नीट शिवल्या. आणखी दोन बोटं आत घ्यावी लागली.

५ जुलै

उद्याच्या विमानाला मी नाही. आउराला कळवलं, बर्फ पडेपर्यंत थांबतेय. "वेडी झालीस का?" म्हणाली. तिलाही सांगितलं नाही. एकदा तोंडातून गेलं की मग आवरणार नाही मला.

सकाळी नेरिओनं रोजच्यासारखं विचारलं, "मग आई, आज थंडीचं काय म्हणणं?"

खरं सांगायचं तर चार दिवस झाले, मला थंडी वाजतच नाही. परसात नुसत्या शालीवर उभी होते तर यास्नानं ओढून आत आणलं. पण पोरगं वाट बघत होतं. म्हणून मी कंबरेवर हात ठेवले आणि सुरू केलं. म्हटलं, "या देशात माणसांनी राहायचं कुणी ठरवलं, त्याला माझ्यासमोर आणा! सकाळी नाक पुसायला गेले तर नाक रुमालात सुटून येतं की काय वाटलं. कवळी पेल्यात ठेवली होती, ती पेल्यासकट निघाली!"

मला कवळी नाही. त्यालाही ते माहीत आहे. तरी हसला. हसताना पोट धरतो. दुखतं म्हणून धरतो हे आता मला दिसतं. तरी मी थांबले नाही. हे बरोबर की चूक, कुणाला विचारू?

१२ जुलै

दुपारी त्याला पाणी नेऊन दिलं. घोट घेतला आणि पेला हातातच धरून बसला.

"आई, पाणी कोमट आहे."

"मग?"

"कालही होतं. चमचाही आधी गरम पाण्यात बुडवून देतेस. मी सांगितलं नव्हतं तुला."

मी शेगडीची आच मोठी करायला लागले. ती मोठीच होती.

"कधी कळलं?"

"काय कळायचंय? पास्मोतलं मला शिकवतोस?" मी म्हटलं. "जन्म गेलाय माझा त्यात. ज्याला गार सोसत नाही त्याला कोमट द्यायचं, एवढं कळतं मला."

त्यानं पेला खाली ठेवला. मी रडले नाही. देवीला विचारा, नाही रडले.

"इस्त्रीच्या दिवशी मी तुला फ्रिज उघडून द्यायचो," तो म्हणाला.

"द्यायचास. आणि बर्फ चोरायचास."

"आता तू दे."

"देते."

बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. रात्री तो झोपल्यावर मी परसात गेले आणि जे करायचं होतं ते तिथे केलं. इथे डोळ्यांतलं पाणीसुद्धा धड वाहत नाही, पापण्याच चिकटतात. हे मी त्याला कधीच सांगणार नाही, आणि खरं म्हणजे सगळ्यात जास्त तो यालाच हसला असता.

२० जुलै

पडला! सकाळी यास्नानं हाक मारली, "आई, बाहेर बघा." सगळी गल्ली पांढरी. आवाज म्हणून नाही.

नेरिओला बाहेर नेणं शक्य नव्हतं. गार हवा गळ्यात गेली की श्वास अडकतो त्याचा. आम्ही त्याची खुर्ची खिडकीशी नेली, दोन दुलया गुंडाळल्या. तो म्हणाला, "जा आई. तू बघायला आलीस ना? जा."

मी सगळं अंगावर चढवलं आणि गेले. दोन पावलांत घसरले. ती पहिली वेळ खरी. उठले तर तो खिडकीत हसताना दिसला, म्हणून मग मुद्दाम पडले. एकदा पुढे, एकदा मागे. फाटक धरलं आणि फाटकासकट फिरले. बर्फाचा गोळा एर्सिराबाईंच्या दाराला मारला, त्या बाहेर आल्या आणि त्यांनी मला मारला. रस्त्यानं जाणारा एक माणूस धावत आला, "लागलं का हो, आजी?" मी खालूनच ओरडले, "जा तू तुझ्या वाटेनं, मध्ये उभा राहू नकोस! खिडकी झाकतोस!"

काचेतून आवाज येत नव्हता. नुसतं त्याचं तोंड उघडं दिसत होतं आणि दुलया हलत होत्या. शेजारी यास्ना त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी. मला वाटलं, असंच पडत राहावं. मी पडतेय तोवर तो तिथे आहे.

शेवटी यास्नाच मला आत घेऊन गेली. त्यानं हातमोज्यातला हात पुढे केला. मी धरला नाही. आधी शेगडीपाशी बसले आणि दोन्ही हात तापवत राहिले, बोटं लाल होईपर्यंत. गार हातानं त्याला शिवायचं नाही. मग जाऊन त्याचा चेहरा ओंजळीत घेतला. विमानतळावर हाताला न लागलेला माझा मुलगा आज लागला. सगळी हाडंच होती.

"कसा वाटला बर्फ?" त्यानं विचारलं.

"गार आहे," मी म्हटलं.

९ ऑगस्ट

आता तो पलंगावरच असतो. सुया बंद केल्या. बोलणं कमी झालंय, पण सकाळी डोळे उघडून भुवई वर करतो. म्हणजे, आज थंडीचं काय म्हणणं? मी सांगते. आज सांगितलं की एर्सिराबाईंची कोंबडी गोठलेलं अंडं घालते आणि मग त्यावर बसायला नकार देते. ओठांचा एक कोपरा हलला. यास्नानंही बघितलं.

काल आउराला सगळं सांगितलं. ती फोनवर रडली. मी तिला सांगत होते की रडू नकोस, त्याला ऐकू जाईल. मधे सबंध खंड आहे.

२३ ऑगस्ट

काल पहाटे नेरिओ गेला. यास्ना एका बाजूला होती, मी एका बाजूला. शेगडी चालू होती. त्याला थंडी वाजत नव्हती.

उद्या त्याला घालायचा निळा शर्ट यास्नानं काढून दिला. इस्त्री मी करणार म्हटलं. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी समोरचा भाग. कधी केली नव्हती इतकी सावकाश केली. संपवावीशी वाटत नव्हती. शर्ट खुर्चीच्या पाठीवर घातला, बटणं लावली.

घसा कोरडा पडला होता. आणि सवयीनं तोंडातून हाक गेली, "नेरिओ, पाणी!"

आतल्या खोलीत यास्नानं ऐकलं असेल. ती आली नाही. कोणीच आलं नाही.

मी उठले. हात इस्त्रीनं भाजल्यासारखे तापले होते. त्याचे हातमोजे खिळ्यालाच होते. ते घातले नाहीत. फ्रिज उघडला, दोन्ही हात थेट वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि तशीच वाट बघत उभी राहिले.

काही झालं नाही.